पाठ असूनही हसवणारे चित्रपट : प्रसंग सांगा, कारण सांगा

मागची रांग
काही विनोदी चित्रपट पहिल्यांदा बघताना खुर्चीतून पाडतात आणि दुसऱ्यांदा लागले की आपण चॅनेल बदलतो. काही मात्र असे असतात की पुढचं वाक्य आपण नटाच्या आधी म्हणतो आणि तरीही ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट). हा धागा या दुसऱ्या जातीसाठी आहे.

अट एकच. नुसती नावं टाकून पळायचं नाही. प्रसंग कुठला आणि त्यात परत परत हसवणारं नेमकं काय, ते लिहा. ‘सगळाच भारी’ हे उत्तर बाद.

सुरुवात मीच करते. ‘गोलमाल’, हृषीकेश मुखर्जींचा, १९७९ चा. (दुसऱ्या कुठल्या ‘गोलमाल’बद्दल बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा.) मुलाखतीचा प्रसंग. भवानीशंकरला (उत्पल दत्त) मिशी प्रिय आणि खेळांचा तिटकारा, हे डॉ. केदारांनी रामप्रसादला (अमोल पालेकर) आधीच पढवून ठेवलंय. भवानीशंकर ‘ब्लॅक पर्ल’बद्दल विचारतो. ‘ब्लॅक पर्ल’ म्हणजे फुटबॉलपटू पेले; तो १९७७ मध्ये कोलकात्यात खेळून गेलेला, त्याचं नाव सगळ्यांना माहीत. रामप्रसाद मात्र खरोखरच्या काळ्या मोत्यांबद्दल गंभीरपणे बोलायला लागतो. पूर्वी मी अमोल पालेकरकडे बघून हसायचे. आता त्याच्याकडे बघतच नाही, उत्पल दत्तकडे बघते. एवढा गुणी, एवढा अडाणी मुलगा मिळाला म्हणून त्या माणसाला आतून जे भरून येतं, ते लपवता लपवता त्याची जी तारांबळ होते, ती दर वेळी नव्यानं सापडते. पालेकर चोख आहेच, पण प्रसंग जिवंत ठेवतो तो ऐकणारा.

आळशी मांजर
धागा मस्त! वाचनखूण साठवली.
‘बनवाबनवी’ येणारच होती, मीच आणते. ‘सत्तर रुपये वारले’ सगळ्यांना पाठ आहे, टी-शर्टवरसुद्धा येऊन गेलंय. पण एकदा तो प्रसंग अशोक सराफांना झाकून बघा. म्हणजे नजर सुधीर जोशींवरून हलवायची नाही. धनंजय (अशोक सराफ) आधी औषध आणणारा मित्र वारला अशी थाप मारतो. आता माणूस गेलाय म्हटल्यावर घरमालक सरपोतदाराला (सुधीर जोशी) दोन शब्द दुःखाचे बोलायला हवेत, आणि डोक्यात तर औषधाला दिलेले पैसे. सभ्यपणा आणि हिशोब एकाच चेहऱ्यावर भांडतात. मग तो विचारतोच, आणि ते पैसेही गेल्याचं कळतं. हशा धनंजयच्या वाक्याला येतो, पण तो पिकवलाय सरपोतदारानं.

ठोकळेबाज
हे चेहरे वगैरे सगळं नंतर सुचलेलं आहे, असं माझं प्रामाणिक मत. हे चित्रपट टीव्हीवर सतत लागतात म्हणून आपल्याला आवडतात. सवय. ओळखीच्या माणसाच्या फालतू विनोदालाही आपण हसतोच की.

फुलस्टॉप
+१ ठोकळेबाज. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मागची रांग
सवयीनं आवडत असतं तर टीव्हीवर सतत लागणारे सगळेच चित्रपट आवडले असते. तसं होत नाही. काही चित्रपट वर्षानुवर्षं लागतायत आणि अजूनही लोक रिमोट शोधतात. नावं घेत नाही, धाग्यावर शांतता हवी आहे.

पेन्सिलटोक
मागची रांग, तुमच्या ‘ऐकणाऱ्या’च्या मुद्द्याला एक सणसणीत पुरावा देतो. थोडं लांबेल.

१९६४ साली तमिळमध्ये श्रीधर यांनी ‘कादलिक्क नेरमिल्लै’ काढला. त्याचाच १९६६ मध्ये हिंदीत ‘प्यार किए जा’ झाला. आणि १९८५ मध्ये महेश कोठारेंनी दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल टाकलं ते याच गोष्टीवर, म्हणजे आपला ‘धूमधडाका’. गोष्ट तीच : श्रीमंत बाप, लग्नाच्या मुली, खोटा श्रीमंत सासरा. आणि सिनेमा काढायचं खूळ घेतलेला मुलगा.

तमिळमध्ये हा मुलगा नागेश आणि बाप बालय्या. हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश. मुलगा बापाला आपल्या भयपटाची गोष्ट ऐकवतो, हा त्यातला गाजलेला प्रसंग. मेहमूदला या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं. मिळायलाच हवं होतं : दार करकरण्याचा आवाज तोच काढतो, पावलंही तोच वाजवतो, एका खोलीत एकटा माणूस अख्खा सिनेमा उभा करतो. पण आता ध्वनी बंद करून बघा (खरंच बघा, गंमत म्हणून सांगत नाहीये). मेहमूद नुसते हातवारे करणारा माणूस उरतो. ओमप्रकाश मात्र तसाच्या तसा शाबूत! आधी कंटाळा, मग ‘बघू तरी काय म्हणतोय’, मग अंग चोरणं, मग घाबरलोय हे पोराला कळू नये म्हणून केलेली धडपड. मेहमूदच्या प्रत्येक आवाजाची पावती या माणसाच्या अंगावर फाटते.

गोष्ट सांगणारा थोडा बदलला तरी तो प्रसंग टिकेल. ऐकणारा मख्ख निघाला तर मेला. म्हणून तमिळमध्ये बालय्या, हिंदीत ओमप्रकाश, मराठीत धनाजीराव वाकडे म्हणून थेट शरद तळवलकर! बापाच्या जागी तिन्हीकडे कसलेला गडी घेतलाय. हा योगायोग नाही.

आळशी मांजर
काय प्रतिसाद आहे! दंडवत.
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे ‘बाय द वे’), ‘धूमधडाका’ निघालाच आहे तर यदुनाथ जवळकरांचं ‘वाख्खा विख्खी वुख्खू’ विसरू नका. तिथे कुणाचा चेहरा बघू? मी खोकणाऱ्याकडेच बघणार.

पेन्सिलटोक
तिथे खुशाल खोकणाऱ्याकडे बघा. अशोक सराफ आहेत, मुभा आहे.

चौकोनी चंद्र
परदेशी चालतील ना? बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’, १९५९.

दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. (आपल्याकडे यावरून १९७५ मध्ये ‘रफू चक्कर’ आला.) जॅक लेमन रात्रभर एका म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर टँगो नाचून आलाय. पलंगावर लोळत तो मित्राला सांगतो की माझं लग्न ठरलं. मित्र विचारतो, नशीबवान मुलगी कोण? हा म्हणतो, मीच!

या प्रसंगात लेमनच्या हातात दोन खुळखुळे आहेत, वाद्यवृंदात असतात ते माराकास. प्रत्येक वाक्यानंतर तो ते वाजवतो, उठून दोन पावलं नाचतो आणि मग पुढचं वाक्य बोलतो. हे वाइल्डरनं मुद्दाम केलंय. थिएटरात लोक हसणार, त्या हशात पुढचं वाक्य बुडणार, म्हणून प्रत्येक वाक्यामागे खुळखुळ्यांची फट ठेवली. हसण्यासाठी जागा राखून ठेवलेला प्रसंग आहे हा.

आणि घरी एकट्यानं बघतानाही त्या फटी रिकाम्या वाटत नाहीत, कारण तेवढ्या वेळात कॅमेऱ्यासमोर तो मित्र, टोनी कर्टिस, असतो. हा लग्नाच्या आनंदात खुळखुळतोय आणि तो, याला आपण पुरुष आहोत हे कसं आठवून द्यावं, या विवंचनेत. आता मागची रांग यांचं मत खरं की काय असं मलाही वाटायला लागलंय.

ठोकळेबाज
सगळ्यांनी एकाच देवळात जायचं ठरवलेलं दिसतंय. बरं, मग ‘अंदाज अपना अपना’चं काय? त्यात कोण ऐकतं? सगळे फक्त बोलतात. १९९४ मध्ये आला तेव्हा चालला नाही आणि नंतर पारायणं करून करून लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणजे सवयच.

फुलस्टॉप
‘गलती से मिस्टेक’ झाली त्यांची.

मागची रांग
फुलस्टॉप, संवाद टाकायला वेगळा धागा आहे.

ठोकळेबाज, चांगलं उदाहरण दिलंत, पण ते तुमच्यावरच उलटतंय. अमर आणि प्रेम पहिल्यांदा बसमध्ये भेटतात तो प्रसंग आठवा. दोघंही थापाडे, दोघंही समोरच्यावर छाप पाडायला बघतायत. समोरचा थाप मारत असताना आपली पुढची थाप जुळवणं, हे ऐकणंच झालं की. त्या सिनेमातले लोक एकमेकांचं फार लक्ष देऊन ऐकतात, फक्त अर्थ सोयीचा काढतात.

बिनखांबी
आत्ताच धागा वाचला. मला वाटतं चेहऱ्यापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. आतापर्यंत आलेली नावं बघा. गोलमाल, बनवाबनवी, धूमधडाका, सम लाइक इट हॉट. यात ‘चुपके चुपके’ आणि ‘अंगूर’ मी टाकतो. सगळ्यांत एक गोष्ट सारखी : गुपित काय आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आहे. माहीत नसतं ते पडद्यावरच्या कुणाला तरी. आपल्यापासून काही लपवलेलंच नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी हरवायला काही नाही. उलट ज्या चित्रपटाचा विनोद शेवटच्या गौप्यस्फोटावर टांगलेला असतो, तो एकदाच फुटणाऱ्या फटाक्यासारखा. परत वात लावून उपयोग नाही.

‘अंगूर’ (गुलझार, १९८२) या बाबतीत सगळ्यांचा बाप. दोन संजीव कुमार, दोन देवेन वर्मा, मूळ शेक्सपिअर. गुलझारांनी ‘दो दूनी चार’ (१९६८) हीच गोष्ट घेऊन आधी लिहिला होता, तेव्हा नाही जमलं. ‘अंगूर’मध्ये जमण्याचं एक कारण मला असं दिसतं की बाहेरगावहून आलेला अशोक गुप्तहेरकथा वाचणारा आहे. परक्या गावात अनोळखी बाई नवरा म्हणून हाक मारते, दुकानदार ओळख दाखवतो. दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. हा गोंधळत नाही! याला लगेच कळतं : आपल्या पैशांवर टपलेली टोळी. आणि मग प्रत्येक नवी घटना त्याच्या संशयाला पुरावाच पुरवते. कुणी प्रेमानं वागलं तर टोळीचा डाव, चिडलं तर टोळीचा दुसरा डाव. चुकीच्या समजुतीतून इतकं बिनचूक तर्कशास्त्र चालवणारा माणूस हिंदी सिनेमात मला दुसरा दिसलेला नाही. संजीव कुमार हे सगळं अजिबात विनोद न करता करतो. बहादूर झालेल्या देवेन वर्माला फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच.

आळशी मांजर
अनुमोदन. ‘चुपके चुपके’त तर ओमप्रकाश परत आलेच! शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर हवा ही मागणी त्यांची स्वतःची, आणि मग प्यारेमोहनची (ड्रायव्हर झालेल्या धर्मेंद्रची) ती हिंदी ऐकून कान विटतात तेही त्यांचेच. तक्रार कुणाकडे करणार? एकाच वर्षी, १९७५ मध्ये, धर्मेंद्र आणि अमिताभ ‘शोले’तही होते. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघा कधीतरी.

चौकोनी चंद्र
बिनखांबी, गुपिताचा मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. बस्टर कीटनकडे कसलं गुपित? ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून जाते. भिंत खरी, वजनदार, आणि अंतर काही इंचांचंच. कुठलीही कॅमेऱ्याची हातचलाखी नाही. हजारदा बघा, तो मख्खच उभा असतो. त्याचा चेहरा तर मुळात हलत नाही, मग चेहऱ्याचाही मुद्दा गेला.

आणि जाक तातीचा ‘प्लेटाइम’ (१९६७). तिथे क्लोज-अप जवळपास नाहीतच. ७० मिलिमीटरच्या चौकटीत पाच गोष्टी एकदम चालू, कुठे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रेस्तराँच्या उद्घाटनाच्या रात्री काचेचं दार फुटतं. दरवान काय करतो? हातात उरलेली दाराची मूठ हवेत धरून, दार उघडल्यासारखी फिरवतो, पाहुणे वाकून ‘आत’ येतात. दार नाहीच! हे बघत असताना त्याच चौकटीत मागे आणखी काय बिघडतंय ते सुटतं, म्हणून परत बघावा लागतो. यासाठी तातीनं अख्खं शहर उभारलं आणि कर्जात बुडाला.

बिनखांबी
दरवान भारी आठवलात. पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. दार नाही, हे आपल्याला माहीत आहे. पाहुण्यांना माहीत नाही.

चौकोनी चंद्र
हा हा, हे बरोबर नाही. असं तर काहीही तुमच्या बाजूला घेता येईल. कीटनची भिंत सोडवून दाखवा.

बिनखांबी
कीटन तुमचा. ठेवा.

फुलस्टॉप
‘एअरप्लेन!’ (१९८०) कुणीच कसं घेतलं नाही? लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, सगळे आयुष्यभर गंभीर कामं केलेले नट. त्यांना सांगितलं, गंभीरच करा. १९५७ च्या ‘झीरो अवर!’ या खऱ्याखुऱ्या गंभीर चित्रपटाची गोष्ट हक्क घेऊन जवळपास तशीच उचलली आहे. सिनेमा विनोदी आहे, ही बातमी आतल्या कुणापर्यंत पोचलेलीच नाही. बास.

पेन्सिलटोक
फुलस्टॉप यांनी एका ओळीपेक्षा जास्त लिहिलं! धाग्याचं सार्थक झालं.

सायलीची काडी
जरा विरजण घालते. परत बघताना हसू येत नाही असंही बरंच आहे, त्याबद्दल बोलायचं का? ‘पडोसन’ (१९६८) मला लहानपणी जाम आवडायचा. आता ‘एक चतुर नार’ची जुगलबंदी आजही पहिल्या दर्जाची वाटते, किशोर कुमार आणि मन्ना डे दोघंही. पण मेहमूदचा गाणं शिकवणारा मास्टर फक्त दक्षिणेकडचा आहे म्हणून हास्यास्पद, हे आता टोचतं. ‘द पार्टी’ (१९६८) मध्ये पीटर सेलर्स तोंडाला रंग फासून भारतीय होतो, तेही. वहाण पाण्यात वाहून जाते तो प्रसंग अप्रतिम रचलाय, आणि तो मनुष्य गोरा असता तरी तेवढाच चालला असता.

ठोकळेबाज
आता प्रत्येक जुन्या सिनेमाला न्यायालयात उभं करायचं का? त्या काळात चालायचं.

सायलीची काडी
न्यायालय कुठे आणलं? धागा ‘परत बघताना हसू येतं का’ असा आहे. मला तिथे येत नाही, एवढंच सांगितलं. आणि मला फरक कुठे वाटतो तेही सांगते. ‘बनवाबनवी’त पुरुष बायका होतात, पण विनोद बाईच्या असण्यावर कमी आणि साडी सांभाळता सांभाळता या दोन बाप्यांची जी दमछाक होते त्यावर जास्त आहे. फजिती सोंग घेणाऱ्याची. ‘पडोसन’मध्ये मास्टरनं कसलंही सोंग घेतलेलं नाही. तो आहे तसा आहे आणि आपण हसायचं. बनवाबनवीतलेही काही संवाद आता खटकतात, ते आहेच.

मागची रांग
सायलीची काडी, फजिती सोंग घेणाऱ्याची हे आवडलं. बिनखांबींचं गुपित आणि तुमचं सोंग एकाच गाठीची दोन टोकं आहेत.

बिनखांबी
‘जाने भी दो यारों’ अजून आला नाही, म्हणून परत आलो. कुंदन शाह, १९८३. सगळे महाभारताच्या प्रयोगाबद्दल लिहितात, म्हणून मी दुसरा प्रसंग घेतो. रात्रीची वेळ, रस्त्यावर चाकांची शवपेटी, आत डिमेलोचं प्रेत. दारू प्यायलेला आहुजा येतो, ओम पुरी. त्याला वाटतं कुणाची तरी उघडी गाडी बिघडलीय, मालक आत बसलाय. तो आपुलकीनं चौकशी करतो आणि मदत म्हणून पेटी गाडीला बांधून ओढत नेतो. आहुजा या अख्ख्या चित्रपटात चोर आहे. माणुसकी तो एकदाच दाखवतो, आणि ती मेलेल्या माणसाला.

परत बघायचा असेल तर फक्त डिमेलो झालेल्या सतीश शहांकडे बघा. मेल्यानंतर या माणसाला अर्धा चित्रपट काम आहे! उचलतात, ढकलतात, साडी नेसवून द्रौपदी करतात. प्रेताचं काम करायचं म्हणजे ऐकायचंही नाही, प्रतिक्रिया तर अजिबात द्यायची नाही. मागची रांग, तुमचा सिद्धांत इथे कसा बसवता?

मागची रांग
बसवत नाही. त्यांना सलाम करते.

ठोकळेबाज
मला वाटलेलं ‘हेरा फेरी’ (२०००) पहिल्याच पानावर येईल. तोही मूळचा मल्याळम, सिद्दीक-लाल यांचा ‘रामजी राव स्पीकिंग’, १९८९. माझं कारण ना चेहरा ना गुपित. त्या तिघांना पैसे खरोखर हवेत. भाडं थकलंय, देणेकरी दारात, राजूच्या आईला वाटतं पोरगा मोठा साहेब झालाय. फोनच्या पुस्तकात नंबरांची अदलाबदल होते आणि खंडणीचा फोन चुकून बाबूरावकडे येतो. या फोनवर पुढचं सगळं उभं आहे. पण ते तिघं गरजू नसते तर त्यांनी फोन ठेवून दिला असता. पुढच्या भागात पैसा आला आणि माझ्यापुरती मजा गेली.

आळशी मांजर
ठोकळेबाज, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे आणि तुम्ही तो इतके दिवस दाबून ठेवला होता!

सायलीची काडी
गरजेवरून ‘वळू’ आठवला. उमेश कुलकर्णी, २००८. गावात मोकाट सुटलेला डुरक्या नावाचा बैल, त्याला पकडायला आलेला वनाधिकारी अतुल कुलकर्णी. त्याचा भाऊ माहितीपट काढतोय, म्हणून गावातला प्रत्येक जण कॅमेऱ्यासमोर बैलाची तक्रार सांगतो. पहिल्यांदा बघताना वाटतं बैलानं गावाची दैना केलीय. दुसऱ्यांदा नीट ऐका : कुणाचं काय बिघडलं, कुणी बिघडवलं आणि नाव कुणाच्या अंगावर टाकलं. माझ्या मते तर गावात सगळ्यात सरळ तो बैलच आहे. मोहन आगाशेंचा सरपंच आणि दिलीप प्रभावळकरांचे भटजी यांच्यासाठी एकेक फेरी वेगळी ठेवा.

फुलस्टॉप
‘वळू’ आज रात्री. डुरक्याचा चेहरा बघणार.